गॅलरीतली चार मिनिटं

"जरा एक सही हवी होती," असं कुणी म्हणालं की मी खिशातलं पेन काढतो. कशावर हवी, हे विचारायची सवय नव्हती. सोसायटीचा ठराव, भाचीच्या कॉलेजचा फॉर्म, कुणाच्या भाडेकराराची साक्ष, सगळ्यावर सह्या केल्या. 2014 साली, विसर्जनानंतरच्या रविवारी शेजारच्या काकांनी हाक मारली तेव्हा हातात पोह्यांची बशी होती. ती तशीच घेऊन त्यांच्याकडे गेलो.

आमची इमारत कोथरूडची, जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. जेवणाच्या टेबलाशी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "'वाटाड्या', पाच अक्षरी, शेवटी 'क'." मी म्हटलं, "मार्गदर्शक." त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली, "बसतंय" म्हणाले आणि चौकोन भरले. मग पेपर बाजूला सारून प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीन कागद काढले. मृत्युपत्र. हौसेने शंभराच्या स्टँप पेपरवर टाइप करून आणलं होतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागदही चालतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल आणि काकांनी ऐकलं नसेल.

दुसरे साक्षीदार वरच्या मजल्यावरचे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळी इमारत त्यांना साहेब म्हणायची. नावं मुद्दामच लिहीत नाही. माणसं गेली तरी घरं तिथंच आहेत.

काकांनी तिन्ही पानांवर खाली सही केली आणि शेवटच्या पानावर पूर्ण नावानिशी. हात थोडा कापत होता, पण घाई नव्हती. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, "इथे, एक नंबरला." मी सही केली, नाव आणि पत्ता लिहिला. साहेबांना वाचायचा चष्मा सापडेना, ते तो आणायला वर गेले. तेवढ्यात माझा फोन वाजला. भोसरीच्या कंपनीत मी परचेस खात्यात होतो, रविवारीसुद्धा सप्लायर सोडत नसत. काकांकडे आत रेंज नीट येत नसे, म्हणून गॅलरीत गेलो. चार मिनिटं बोललो असेन. परत आलो तर साहेब खुर्चीत होते, पेनाला टोपण लावत होते आणि दोन नंबरला त्यांची सही झालेली होती. काकूंनी चहा आणला. पोहे गार झाले होते.

ही चार मिनिटं पुढे दहा वर्षांनी माझ्यासमोर येऊन उभी राहतील, असं वाटायचं काही कारण नव्हतं.

काका 2019मध्ये गेले, काकू त्याच्या दीड वर्ष आधी. मृत्युपत्रात फ्लॅट मुलाला, बँकेतल्या ठेवी आणि दागिने मुलीला. फ्लॅटची किंमत आणि ठेवींची रक्कम यांत कोथरूडमध्ये किती अंतर पडतं हे सांगायला नको. मुलीचं म्हणणं, बाबा असं करणारच नाहीत, दादाने त्यांच्याकडून करून घेतलं. तिने वाटपाचा दावा लावला. मुलगा आधी निर्धास्त होता, कारण सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचंच नाव होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं ते नाव, हे त्याला वकिलाकडे गेल्यावर कळलं. मग सगळा भार त्या तीन कागदांवर आला.

2024च्या जानेवारीत समन्स आलं. मी घरी नव्हतो, बायकोने घेतलं आणि मला फोन केला. तिचा आवाज ऐकून मला वाटलं कुणीतरी गेलं. दोघा भावंडांना मी लहानपणापासून ओळखतो. मुलगा माझ्याच वयाचा, आम्ही गल्लीत एकत्र क्रिकेट खेळलेले. मुलगी दहा-बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारी. यातल्या एकाच्या बाजूने पिंजऱ्यात उभं राहायचं.

मुलाच्या वकीलबाईंचं ऑफिस शिवाजीनगरला, कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिवशी काय झालं ते सांगा. मी मधे बोलणार नाही." मी पोह्यांपासून सगळं सांगितलं. गॅलरीशी आलो तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

"म्हणजे दुसऱ्या साक्षीदारांना सही करताना तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही. पण सही त्यांचीच आहे. मी ओळखतो."

"ओळखणं वेगळं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता संपलंच. मृत्युपत्र रद्द, आणि माझ्या फोनमुळे. पण तसं नव्हतं, आणि ते का नव्हतं हे त्यांनी ज्या पद्धतीने समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925चा. त्याच्या 63व्या कलमात मृत्युपत्र कसं करायचं ते आहे, आणि 1 जानेवारी 1927पासून केलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन अशा सगळ्यांच्या मृत्युपत्रांना ते लागू आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने सही करायची किंवा अंगठा उमटवायचा. ते जमत नसेल तर त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी सही करायची. कमीत कमी दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने एकतर त्याला सही करताना पाहिलेलं असायला हवं, किंवा "ही सही माझीच" असं त्याने स्वतः त्या साक्षीदाराला सांगितलेलं हवं. आणि प्रत्येक साक्षीदाराने आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर करायला हवी.

"दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असायला हवं असं कायदा म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "एकाने सकाळी केली, दुसऱ्याने संध्याकाळी केली, दोन्ही वेळा काका समोर होते, तरी चालतं. साहेबांनी काकांसमोर सही केली असेल तर मृत्युपत्रात काही खोट नाही."

"मग अडचण कुठे आहे?"

"मृत्युपत्र नीट झालेलं असणं एक, आणि ते कोर्टात शाबीत करणं दुसरं."

पुराव्याच्या कायद्यात, म्हणजे 1872च्या कायद्यात, कलम 68 आहे. मृत्युपत्र शाबीत करायचं तर साक्षीदार हयात असताना, किमान एकाला तरी कोर्टात आणून बोलतं करावंच लागतं. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असलं तरी यातून सुटका नाही. इतर रजिस्टर्ड दस्तांना सवलत आहे, मृत्युपत्राला मुद्दाम वगळलेलं आहे. (1 जुलै 2024पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात हेच कलम 67 झालं. आमचा दावा आधीचा, म्हणून आम्हाला जुनाच आकडा.) एक साक्षीदार पुरतो हे खरं, पण त्या एकाने सगळं सांगायला हवं: करणाऱ्याने सही केली, मी त्याच्यासमोर केली आणि दुसऱ्या साक्षीदारानेही त्याच्यासमोर केली. यातलं तिसरं माझ्याकडे नव्हतं. बाईंनी कपाटातून एक निकाल काढला. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम, सर्वोच्च न्यायालय, 2003. तिथे हेच झालं होतं. एक साक्षीदार आला, त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आलं नाही, दुसरा हयात असून बोलावला नाही, आणि मृत्युपत्र शाबीत झालं नाही.

"साहेब कुठे असतात?"

"नाशिकला, मुलाकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत."

"हयात आहेत ना?" बाईंनी वहीत लिहून घेतलं. "मग त्यांनाही बोलवावं लागेल."

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला. खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "अरे, तू फक्त 'पाहिलं' म्हण ना. साहेबांनी सही केली हे खरंच आहे. बाबा टेबलाशीच होते. खोटं कुठे काय आहे त्यात?"

खरं सांगतो, मला ते पटण्याच्या जवळ आलं होतं. खोट्या गोष्टीची नव्हे, खऱ्याच गोष्टीची साक्ष द्यायची होती. फक्त मी ती पाहिलेली नव्हती. बायको आतून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "चहा घेतोस का?" एवढंच. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात उत्तर होतं. मी त्याला नाही म्हणालो. त्याला राग आला, जिना उतरताना तो काहीतरी पुटपुटला. दुसऱ्या दिवशी बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला माझ्यासमोरच झापलं. "पिंजऱ्यात उभा माणूस एकदा घसरला की तुमच्या बाबांची सहीसुद्धा संशयात जाते," म्हणाल्या.

त्याच भेटीत आणखी एक धक्का बसला. शपथपत्र करायचं म्हणून मृत्युपत्राची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि मी ती पहिल्यांदाच वाचली. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, त्यामुळे त्या दिवशी कुणी वाचून दाखवला नव्हता आणि मीही बघितला नव्हता. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत: "माझे पुस्तकांचे कपाट, आतील पुस्तकांसह, शेजारी राहणारे," आणि पुढे माझं नाव.

ते कपाट मला माहीत होतं. शिसवी, काचेच्या दारांचं, किल्ली नेहमी वर ठेवलेली. लहानपणी मी त्यातूनच पुस्तकं न्यायचो आणि काका एका वहीत नोंद करायचे. काकांनी मला हे कधी सांगितलं नाही आणि काका गेल्यावर मुलानेही विषय काढला नव्हता. घशाशी काहीतरी आलं. बाईंना मात्र कपाटात फक्त उलटतपास दिसत होता.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून मिळणारी गोष्ट बाद होते ना?" मी विचारलं. असं कुठेतरी ऐकलं होतं.

अर्धं बरोबर निघालं. उत्तराधिकार कायद्याचं कलम 67 तसंच म्हणतं: साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला दिलेली भेट बाद, मृत्युपत्र मात्र टिकतं. पण हिंदूंना या कायद्यातली कोणती कलमं लागू, त्याची यादी तिसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्या यादीत 67 नाही. ख्रिश्चन किंवा पारशी कुटुंबात हेच झालं असतं तर माझं कपाट गेलं असतं. आमच्याकडे कायद्याने जात नाही. कलम 68 तर म्हणतं की हितसंबंध आहे म्हणून साक्षीदार अपात्र ठरत नाही, आणि ते यादीत आहे. "पण समोरचे वकील हे सोडणार नाहीत," बाई म्हणाल्या. "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीला घेऊच नये, धर्म कुठलाही असो. काकांना हे सांगणारं कुणी नव्हतं." (67 आणि 68 हे आकडे या प्रकरणात इतक्यांदा आणि इतक्या वेगवेगळ्या कायद्यांतून आले की मी एका कागदावर तक्ताच करून खिशात ठेवला होता.)

सरतपासाचं, म्हणजे मला जे सांगायचं होतं त्याचं, शपथपत्र झालं. त्यात गॅलरी होती, फोन होता, कपाटही होतं. दोन तारखा पुढे गेल्या आणि मार्चमध्ये उलटतपास लागला.

मी वनाझहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गेलो. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाले, टायपिस्ट, झाडाखाली बसलेली गावाकडची माणसं. पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात थांबलो. बाकावर पलीकडे काकांची मुलगी बसली होती. दोन वर्षांत तिने माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. थोड्या वेळाने उठून आली, "दादा, पाणी हवंय का?" बाटली पुढे केली. मी दोन घोट प्यायलो. दोघांनाही पुढे काय बोलावं सुचेना, आणि तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

शपथ घेतली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन. आपल्या कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते हे पाहण्यासारखं आहे. वकील प्रश्न विचारतात, तुम्ही उत्तर देता, आणि न्यायाधीश त्याचं एक वाक्य करून टायपिस्टला सांगतात. "हे खरे आहे की..." किंवा "हे म्हणणे खरे नाही की..." तुमचं अख्खं बोलणं या दोन साच्यांत बसतं. माझं बोलणं मलाच परक्या माणसासारखं ऐकू येत होतं.

समोरचे वकील वयस्क होते, आवाज अगदी मऊ.

"त्या दिवशी मयत आजारी होते?"

"नाही."

"झोपेच्या गोळ्या घेत होते?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही डॉक्टर नाही. त्यांचं मन ठिकाणावर होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मी शब्दकोडं सांगितलं. वाटाड्या, पाच अक्षरी. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं, मग टायपिस्टला सांगितलं, "मयत त्या वेळी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवत होते." काकांना हे वाक्य आवडलं असतं.

मग वकिलांनी मूळ मृत्युपत्र माझ्या हातात द्यायला लावलं. दहा वर्षांनी ते कागद पुन्हा पाहिले. स्टँप पेपरच्या घड्या पिवळ्या पडलेल्या. काकांची सही निळ्या बॉलपेनची, माझीही निळी. साहेबांची काळी, शाईच्या पेनाची, जाड.

"एकाच टेबलावर, एकाच वेळी झालेल्या सह्यांना दोन शाया कशा?"

"त्यांनी स्वतःचं पेन वापरलं असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही पाहिलं?"

"नाही."

"म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराने कुठे, केव्हा, कोणासमोर सही केली हे तुम्ही सांगू शकत नाही?"

"मी परत आलो तेव्हा ते काकांसमोर बसून टोपण लावत होते. सही करताना पाहिलं नाही."

"हे खरे आहे की, दुसऱ्या साक्षीदारास सही करताना मी पाहिले नाही," न्यायाधीश टायपिस्टला म्हणाले. टाइपचा आवाज थांबला तेव्हा मला उगाच हलकं वाटलं.

पुढचा प्रश्न मी अपेक्षिलेला नव्हता. दुसऱ्या पानावर दागिन्यांच्या ओळीत "दोन पाटल्या" असं टाइप केलेलं, "दोन"वर एक रेघ मारलेली आणि वर हाताने "चार". बाजूला काकांची छोटी सही. साक्षीदारांची नाही.

"तुम्ही सही केली तेव्हा ही दुरुस्ती होती?"

मी कागद उजेडात धरला. खूप प्रयत्न केला. टेबलावरचं मेणकापड आठवलं, पोह्यांवरची कोथिंबीर आठवली, पण ती ओळ आठवेना. "आठवत नाही," म्हणालो.

ही दुरुस्ती मुलीच्या फायद्याची होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कलम 71 असं आहे की मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर केलेली खाडाखोड चालायची असेल तर तिच्यावरही मूळ मृत्युपत्रासारख्याच, म्हणजे करणाऱ्याच्या आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. नाहीतर जुना शब्द वाचता येतो तोवर जुनाच धरायचा. "दोन" स्वच्छ वाचता येत होतं. तिच्या वकिलांनी मृत्युपत्रावर संशय आणण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाने तिच्याच दोन पाटल्या अधांतरी गेल्या. ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

शेवटी कपाट आलंच.

"या मृत्युपत्रातून तुम्हाला लाभ होतो?"

"हो. पुस्तकांचं कपाट. मला ते यंदा कळलं."

"आणि म्हणून तुम्ही खोटी साक्ष देत आहात?"

"हे म्हणणे खरे नाही," मी म्हणालो. साचा एव्हाना पाठ झाला होता. साधारण तासाभरात सुटलो. सह्या करताना टायपिस्टने पेन पुढे केलं, मी खालपर्यंत वाचल्याशिवाय केली नाही.

साहेबांना पुण्याला आणणं शक्य नव्हतं. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज झाला आणि कोर्टाने एका वकिलांना कमिशनर नेमलं. कमिशनर आणि दोन्हीकडचे वकील नाशिकला त्यांच्या घरी गेले आणि तिथेच साक्ष झाली. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं की साहेबांशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही, म्हणून त्या काळात मी त्यांना दिवाळीचा फोनसुद्धा केला नाही. नंतर बाईंकडून कळलं. साहेबांना तारीख आठवली नाही, वर्षही दोनने चुकलं. पण चष्मा आणायला वर गेलो, उतरून आलो, काका समोरच्या खुर्चीत होते आणि "सावकाश, घाई नाही" म्हणाले, हे सगळं सांगितलं. आणि शाईचं विचारल्यावर खिशातून पेन काढून कमिशनरांसमोर ठेवलं. काळी शाई, टोपणाचं पेन. "बँकेत लागल्यापासून दुसऱ्या शाईने सही केलेली नाही," म्हणाले. "आणि दुसऱ्याच्या पेनाने तर नाहीच."

मी बाईंना विचारलं होतं, साहेब मधल्या काळात गेले असते तर? त्या म्हणाल्या, "तो विचार आज नको."

निकाल 2025मध्ये लागला. मृत्युपत्र शाबीत धरलं. दोन पाटल्या मृत्युपत्रात, उरलेल्या दोन दोघा भावंडांत वारसाहक्काने. भावाने त्या दोन्ही बहिणीला देऊन टाकल्या, बहिणीने त्या घेतल्या आणि तरीही अपील केलं. दोन्ही गोष्टी मला समजतात. कपाट अजून त्यांच्याकडेच आहे. अपील मिटेपर्यंत हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. बायको म्हणते, आपल्याकडे ठेवायला जागा तरी कुठे आहे.

यानंतर आम्ही दोघांनी आपापली मृत्युपत्रं केली. मी एकसष्ट, ती अठ्ठावन्न, तिला आधी ते अशुभ वाटत होतं, पण पाटल्यांचं ऐकल्यावर तीच मागे लागली. दोन वेगळे दस्त, साध्या कागदावर. खाडाखोड झाली तर ते पान फाडून नवं टाइप करायचं, हा नियम तिनेच घातला. साक्षीदार निवडताना मात्र आमचं भांडण झालं. तिला तिचा भाऊ हवा होता. मी म्हटलं, तो माझ्यापेक्षा मोठा आहे, आपल्यानंतर कोर्टात कोण जाणार? शिवाय मेहुण्याला साक्षीला घेतलं की उद्या कुणीतरी म्हणणार, घरच्यांनी करून घेतलं. शेवटी साहेबांच्या फ्लॅटमध्ये आता भाड्याने राहणारी डॉक्टर मुलगी, वय चौतीस, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानाचा मालक, वय एकेचाळीस, असे दोघे ठरले. दोघांनाही आमच्याकडून काही मिळणार नव्हतं. डॉक्टर मुलीने दोघांची मनःस्थिती ठीक असल्याचे दाखलेही लिहून दिले. कायद्याने ते लागत नाहीत, पण शब्दकोड्यापेक्षा बरे.

सह्यांच्या दिवशी मी सगळ्यांचे फोन गोळा करून स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवले. दार लावलं. एकच पेन टेबलावर. मी प्रत्येक पानावर सही केली, दोघे बघत होते, मग त्या मुलीने केली, आम्ही बघत होतो, मग दुकानदारांनी. बायकोच्या दस्ताला पुन्हा सगळं तसंच. सह्यांच्या वर दोन ओळी होत्या: मृत्युपत्रकर्त्याने आमच्या दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सही केली. "एकमेकांच्या" हा शब्द कायदा मागत नाही. मी वकीलबाईंना तो मुद्दाम घालायला लावला.

पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणी केली. तीही सक्तीची नाही, पण असलेली बरी. कागद हरवायची भीती जाते, आणि आम्ही हयात असेपर्यंत प्रत आमच्याखेरीज कुणाला मिळत नाही. स्टँप ड्यूटी शून्य, नोंदणीची फी नाममात्र. फोटो, अंगठे, कॅमेऱ्यात बघा. तिथे आमची ओळख पटवणारी दोन माणसं लागली, आणि मला वाटलं तेच साक्षीदार. तर ते वेगळं. ओळख पटवणारे सांगतात की हा तोच माणूस; त्याने मृत्युपत्रावर सही करताना त्यांनी पाहिलेलं असतंच असं नाही. नुसती ओळख पटवणाऱ्यांच्या भरवशावर राहिलेली माणसं असतात म्हणे.

सह्यांच्या दिवशीचं एक राहिलं. सगळं आवरल्यावर बायकोने पोहे आणले, गरम. मी त्या दोघांना सांगितलं की पंधरा-वीस वर्षांनी, कदाचित, तुम्हाला समन्स येईल, तेव्हा आजचं सगळं आठवायला लागेल. दुकानदार हसले. डॉक्टर मुलीने मात्र बशी खाली ठेवली, पर्समधून छोटी डायरी काढली आणि तारीख घालून लिहायला लागली. मी विचारलं काय लिहितेस. म्हणाली, "काका, पेन कुठल्या रंगाचं होतं ते."

निळं, मी म्हटलं. दुकानदारांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, "अहो, ते माझंच होतं. टेबलावरचं चाललं नाही ना, म्हणून मी दिलं." मला हे आठवत नव्हतं.